पाणबुड्याचं काळीज

नव्या यंत्रावर पाणबुड्या मुकाट्याने मेला. ना धडधड, ना धोक्याची चाहूल. बुडालेल्या जहाजातली पेटी हाताशी आलेली, आणि हा बाबा एकदम आडवा. सूनबाईने पुन्हा खेळून पाहिलं, पुन्हा तेच. टीव्हीचा आवाज चढवून तिने कान पार स्पीकरच्या जाळीला लावला. गाणं येत होतं, बुडबुडे येत होते, काळीज तेवढं वाजत नव्हतं. 

घराच्या मागच्या खोलीत ती आणि तिचा नवरा मिळून खेळ बनवत. घरगुती संगणक टीव्हीला जोडायचा, खेळ कॅसेटवरून चढवायचा आणि तो चढेपर्यंत चहा करून पिऊन घ्यायचा, असा तो काळ. नवरा प्रोग्रॅम लिही आणि चित्रं काढी. आवाजाचं काम सूनबाईकडे. लग्नाआधी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, त्यामुळे खरखरीतून नेमकं बोलणं उचलायची कानाला सवय. सासूबाई तिला सूनबाई म्हणत म्हणून सगळेच म्हणू लागले, त्यांच्या खेळांच्या प्रती काढून दुकानांना पुरवणारे कॅसेटवालेसुद्धा.

आता आवाजाचं काम म्हणजे काय, तर उरलंसुरलं. खेळ तयार झाला, थोडी जागा शिल्लक राहिली, की मग म्हणायचं, जरा टीं टीं टाक गं. सूनबाईला ह्याची मनस्वी चीड होती. म्हणून ह्या वेळी तिने हट्टच धरला. पाणबुड्याचा श्वास किती उरलाय हे दाखवायला नवऱ्याने पडद्यावर एक निळी पट्टी काढली होती, बाकीच्या खेळांत असते तशी. ती म्हणाली, पट्टी नको. श्वास अर्ध्यावर आला की काळीज वाजायला लागेल, संपत आला की धडधड वाढेल. माणूस कानाने खेळेल. नवऱ्याने बराच वाद घातला आणि शेवटी हात टेकले.

पण संगणकातल्या आवाजाच्या चिपला गळे तीनच. एका वेळी तीन आवाज, त्यावर एक काढायचा नाही. पहिल्या गळ्यात गाणं, दुसऱ्यात खोल पाण्याची घुमघुम, तिसऱ्यात बुडबुडे, दारं, मासे, अशी सगळी किरकोळ गर्दी. काळजाला जागाच नव्हती. ती सूनबाईने चिपच्या एका खोडीतून काढली. आवाज झटकन लहान-मोठा केला की ती चिप टक् करायची. बनवणाऱ्यांच्या लेखी तो दोष. सूनबाईने त्या टक्-टक् मधून असा काही ठोका बसवला, की पहिल्यांदा ऐकताना नवऱ्याचा हात नकळत स्वतःच्या छातीवर गेला.

आणि आता कंपनीने नव्या मालातून नेमका तोच दोष काढून टाकला होता. शहाणेच ते. यापुढे दुकानात हेच यंत्र मिळणार म्हणून कॅसेटवाल्यांनी ते मुद्दाम आणून दिलं होतं, आणि मूळ कॅसेट त्यांना शुक्रवारी हवी होती.

नवरा म्हणाला, एवढं काय त्यात, पट्टी परत लावू, एक ओळ बदलली की झालं. एक ओळ? सूनबाईने कान टवकारले. पट्टी तर पुसली होती ना? तेव्हा कुठे त्याने कबूल केलं की पुसली नव्हती, नुसती झाकून ठेवली होती, न जाणो. त्या 'न जाणो'ने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे इतके महिने हा माणूस समोर मान डोलावत होता आणि मनात म्हणत होता, हिचं काही जमायचं नाही.

"पट्टी परत आली, तर खेळावरून माझं नाव काढा," ती म्हणाली. "मी एक्स्चेंजमध्ये परत जाते. तिथे निदान माझ्या कानावर भरवसा ठेवतात."

ही नुसती धमकी नव्हती. तिथली मैत्रीण अजून विचारत असे, जागा आहे, येतेस का. नवऱ्याला ते ठाऊक होतं, म्हणून तो चहा ठेवायला उठला. चहा करणं हा त्याचा माफी मागायचा प्रकार होता. सूनबाईने तो चहा प्यायला नाही. तिने चंगच बांधला होता की काळीज वाजल्याशिवाय ह्या खुर्चीवरून उठायचं नाही, आणि जेवणाखाण्यापुरती सोडली तर ती उठलीही नाही. ठोका जोरात करून पाहिला, दाट करून पाहिला, बुडबुड्यांच्या गळ्यातून घुसवून पाहिला. बुडबुड्यांमधून तो असा आला, की पाणबुड्याला उचकी लागलीय असं वाटावं. नवरा हसला आणि तिने पाहिल्याबरोबर हसायचा थांबला.

बुधवारी सकाळी खेळ अडकला. नवऱ्याच्याच प्रोग्रॅममधली काहीतरी चूक. पडद्यावरचं चित्र गोठलं, गाणं मधल्या मध्ये बंद पडलं. तो वैतागून यंत्र बंद करणार, इतक्यात टीव्हीतून ठोका आला. धड् धड्. धड् धड्. सूनबाईने त्याचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, खबरदार बटणाला हात लावाल तर.

झालं होतं असं, की गाण्याचा गळा एका जागी अडकला होता. गात नव्हता, पण जोर तसाच लावून उभा होता, श्वास रोखून धरलेल्या माणसासारखा. ठोक्याचा प्रोग्रॅम मात्र चालूच होता; त्याने आवाज लहान-मोठा केला की त्या रोखलेल्या जोराला हिसका बसे आणि ठोका ऐकू येई. म्हणजे नव्या चिपवरही काळीज वाजणार होतं, फक्त तीनपैकी एका गळ्याने आपलं काम सोडून त्याच्यासाठी मुकाट उभं राहायला हवं होतं. आता कोणता? घुमघुम काढली तर पाणी खोल वाटेना, बुडबुडे आणि दारं काढली तर खेळच आंधळा. राहता राहिलं गाणं. श्वास पुरेसा असेपर्यंत ते वाजेल, अर्ध्यावर आला की थांबेल आणि काळीज सुरू होईल, पाणबुड्या वर आला की गाणं परत. सूनबाईला हे इतकं पटलं की ती आनंदाने उठून उभी राहिली. मग तिला आठवलं की गाणं कुणाचं आहे, आणि ती परत बसली.

गाणं होतं सासूबाईंचं. सासूबाई म्हणजे शाळेतल्या गायनाच्या निवृत्त शिक्षिका. संगणकाला त्या पहिल्यापासून पाण्यात पाहत. लेकाने चांगली नोकरी सोडली ती ह्या डबड्यापायी, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि त्यांनी त्याच्या एका बटणालाही कधी बोट लावलं नव्हतं. सुनेने फार गळ घातली तेव्हा नाक मुरडत त्यांनी एक चाल बांधून दिली. ती टीव्हीतून वाजताना ऐकली मात्र, आणि त्यांचा नूरच पालटला. शेजारीण झाली, दाताचे डॉक्टर झाले, पोस्टमन झाला, माझी चाल टीव्हीत वाजते हे ऐकून घेतल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती.

नवरा म्हणाला, आईला सांगूच नकोस, ती कुठे खेळायला बसतेय. सूनबाईला हे काही पटेना. ज्यांची चाल त्यांच्या पाठीमागे ती तोडायची, तर मग झाकून ठेवलेल्या पट्टीत आणि आपल्यात फरक काय राहिला? ती स्वतःच स्वयंपाकघरात गेली. सासूबाई कप पुसत होत्या. सूनबाईने सगळं सरळ सांगितलं. सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"म्हणजे माझं गाणं थांबवून तू तुझी धडधड लावणार."

"हो, आई."

त्यांनी कप पुन्हा पुसायला घेतला. त्यानंतर जेवताना जे काही हवं होतं, मीठ, पाणी, पोळीवरचं तूप, ते सगळं त्यांनी लेकाकडून मागितलं, मीठ सुनेच्या हाताशी असतानासुद्धा. सूनबाईला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तिला ही बाई आवडत होती. पण ती मागच्या खोलीत गेली आणि तिने गाण्याच्या गळ्याला ओळीच्या शेवटी उभं राहायला शिकवलं.

मधल्या काळात नवऱ्याने कॅसेटवाल्यांना फोन केला होता आणि सगळं सांगून टाकलं होतं. ते भले गृहस्थ, पण धंदेवाईक. त्यांचं म्हणणं, पट्टीशिवाय लोकांना काही कळायचं नाही, कॅसेटी परत येतील. मग त्यांना एक युक्ती सुचली. जन्मात खेळाला हात न लावलेला माणूस माझ्यासमोर बसवा, तो पाणबुड्याला जिवंत वर घेऊन आला तर पट्टी नको, नाही आला तर पट्टी लावायची आणि विषय संपला. आणि असा माणूस शोधायला लांब कशाला जायचं, तुमच्या आईच आहेत की.

गुरुवारी दुपारी कॅसेटवाले येऊन बसले. सासूबाईंना विचारलं, तर त्या चटकन म्हणाल्या, बसते की. नको म्हणाल्या असत्या तर सूनबाईने समजूत काढली असती. पण हे 'बसते की' ऐकून तिने ओळखलं. बाई बुडायला निघाली होती. एकदा बुडाली की पट्टी येणार, काळजाची गरज संपणार आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड वाजणार. एवढं सरळ होतं ते. परक्या माणसासमोर बोलायची सोय नव्हती. सूनबाईने फक्त कोणतं बटण कशाचं ते दाखवलं, हे खाली जायचं, हे वर यायचं, ही दोन बाजूंची, आणि मागे सरून भिंतीला टेकली.

सासूबाईंनी चष्मा नीट केला आणि पाणबुड्याला पाण्यात सोडलं. चाल सुरू झाली. आपलीच चाल, मान किंचित डोललीच. पाणबुड्या जहाजाच्या फुटक्या बाजूने आत शिरला. दार करकरलं, मासे पळाले. सासूबाईंनी खाली जायचं बटण दाबलं ते दाबूनच ठेवलं. कॅसेटवाले कौतुकाने म्हणाले, आजींना भीती कशी ती नाही. नवरा जमिनीकडे बघत होता.

आणि ओळ संपली तशी चाल थांबली. धड् धड्.

सासूबाईंचं बोट खालच्या बटणावरच होतं. ठोका पडला की घुमघुमही किंचित दचके, सगळं पाणीच दचकल्यासारखं. धड् धड्. पेटी दिसायला लागली. ठोके जवळ-जवळ पडायला लागले. सूनबाईला वाटलं, सांगून टाकावं, लावा ती पट्टी, कशाला ह्या बाईला तिच्याच गाण्याशी झुंजवायचं. पण तिने ओठ आवळून धरले. इतकं सगळं केलं ते शेवटच्या घटकेला माघार घ्यायला नव्हे.

सासूबाईंचा खांदा वर चढला. गळ्याशी शीर उभी राहिली. मग त्यांचा हात झटक्यात खालच्या बटणावरून सुटला आणि वरच्यावर इतक्या जोरात आदळला, की टेबलावरची कपबशी खणकली. पाणबुड्या पेटी सोडून वर निघाला, दारातून बाहेर, जहाजाच्या बाहेर, वर, आणि पाणी फोडून त्याचं डोकं बाहेर आलं. चाल परत सुरू झाली.

कॅसेटवाले खूश. नको मग पट्टी, म्हणाले, उद्या मूळ कॅसेट न्यायला येतो. नवरा त्यांना दारापर्यंत सोडायला गेला. खोलीत दोघीच राहिल्या. सासूबाई अजून पडद्याकडेच बघत होत्या.

"बुडायचं ठरवूनच बसले होते मी," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे मला."

"जन्मभर गाणं शिकवलं. माझं गाणं संपलं की पोरी दप्तर भरायला लागायच्या. ते थांबलं म्हणून कुणाच्या पोटात कधी धस्स झालं नाही. आज माझ्याच झालं."

सूनबाईचे डोळे भरून आले. ती काहीतरी बोलणार होती, पण सासूबाईंचा शाळेतला आवाज आधी निघाला.

"पण तू तोडलंयस चुकीच्या जागी. ओळीच्या शेवटी चाल घरी येऊन टेकते. तिथे थांबलीस तर माणसाला वाटतं, संपलं. एक सूर आधी तोड. घर समोर दिसतंय आणि पाऊल उंबऱ्यात पडायचं राहिलंय, तिथे."

"तुमची चाल तुटेल, आई."

"तुटू दे. पुरी ऐकायची असेल त्याने यावं वर."

सूनबाईने तिथे तोडली. मग सासूबाईंना बाजूच्या खुर्चीवर बसवून ती स्वतः खेळायला बसली. सगळं तिचंच, कुठे काय होणार हे पाठ, तरी तो शेवटचा सूर आला नाही तशी तिची बोटं आपोआप वरच्या बटणाकडे वळली. काळीज वाजत होतं, पाणबुड्या वर येत होता. पाण्याबाहेर येऊन तो सूर लागेपर्यंत दोघींपैकी कुणीही श्वास सोडला नाही.