आडव्या वाऱ्याचे तीन तास

“ही सही तुमचीच?” चौकशी अधिकाऱ्याने लॉगबुक दौलत तरेसमोर सरकवलं.

“माझीच.”

“मग प्रश्नच मिटला. आडव्या वाऱ्यात विमान उतरवायचा तीन तास सराव झालेला मुलगा धावपट्टी सोडून भिंतीवर आदळून मरतो. चूक त्याचीच.”

शेजारी बसलेल्या फ्लाइंग क्लबच्या सेक्रेटरींनी सुस्कारा सोडला. दौलतने पाण्याचा ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला.

“सही माझी आहे साहेब. तास खोटे आहेत.”

सेक्रेटरींनी झटकन मान वळवली.

१९९४ साल होतं. नव्या विमान कंपन्या निघाल्या होत्या आणि पायलट कमी पडत होते. मुलाखतीत लॉगबुकातले उड्डाणाचे तास बघत. ते कसे भरले हे कोणी विचारत नसे. बाळकुमच्या कोळीवाड्यातल्या दौलत सरकारी शिष्यवृत्तीवर विमान चालवायला शिकला होता. कान अधू निघाला, म्हणून कंपनीने घेतलं नाही आणि तो क्लबात शिकवत राहिला. उडाल्या तासाचेच पैसे. त्या वेळी क्लबचं विमान तीन आठवडे दुरुस्तीला होतं.

“आनंदची मुलाखत ठरलीय,” सेक्रेटरी तेव्हा म्हणाले होते. “तीन तास लिहून टाक. तुझं मानधनही निघेल. अरे, कंपनीवाले परत शिकवतातच की!”

आनंद त्याचाच विद्यार्थी; दौलतने लिहिलं. विमान दुरुस्त होऊन आल्यावर उरलेले तास भरायला दुसऱ्या एका इन्स्ट्रक्टरने आनंदला एकट्याला पाठवलं. तो तेवीस वर्षांचा, स्वतःच कंपनीच्या पत्राची वाट बघत असलेला. त्याने लॉगबुकातली दौलतची सही पाहिली आणि सोडलं. दुपारी खाडीवरून वारा उठला.

चौकशीहून दौलत घरी आला तेव्हा त्याची बायको मंजुळा सुकट निवडत होती.

“सांगितलंत?”

“सांगितलं. लायसन जाईल. केसही होईल म्हणतात.”

तिने सुकटीचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, “पेपरात तर त्या पोराचीच चूक छापून आलीय. त्याच्या आईबापाला कोण सांगणार?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेंभी नाक्यावर राऊतांच्या खोलीवर गेला. आनंदचे वडील पंढरी राऊत पंपाच्या कारखान्यात फिटर होते. मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी मानपाड्याची जागा विकली होती. त्यांनी दौलतला खुर्ची दिली. दौलत उभाच राहिला आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं.

पंढरी दाराची कडी धरून ऐकत होते.

“म्हणजे त्याला जमलं नाही, असं नाय,” ते हळू म्हणाले. “त्याला शिकवलंच नव्हतं.”

“नाही शिकवलं.”

“आणि तुम्ही लिहिलंत.”

“मी लिहिलं.”

आतून आनंदची आई भीमाबाई आली. तिने पदराने ओठ दाबून धरले होते. “मास्तर, वारा आला तेव्हा काय करायचं, त्याला कळलं असंल का हो?”

दौलतला खोटं बोलता आलं असतं.

“नाही,” तो म्हणाला.

ती भिंतीला टेकून खाली बसली. पंढरी दौलतकडे बघत राहिले. आता अंगावर येतील, असं दौलतला वाटलं. यावेत असंही वाटलं. पण ते म्हणाले, “काय करायचं असतं?”

“काय?”

“वारा आला की. मला सांगा.”

दौलत जमिनीवर बसला. फरशीच्या एका रेघेवर त्याने आपला तळवा आडवा धरला. “ही धावपट्टी. वारा डावीकडून आला, तर डावा पंख थोडा खाली. एवढाच. मग विमान वाहवत नाही. नाक वळायला बघतं, ते उजव्या पायाने रेषेत ठेवायचं. आधी डावं चाक टेकतं, मग उजवं.”

पंढरी समोर बसले. तेलाने कायमचा काळवंडलेला तळवा त्यांनी रेघेवर धरला, डावीकडे कलता केला.

“असं?”

“थोडं कमी.”

“परत दाखवा,” पंढरी म्हणाले.