काळ्या काचेचा मिक्सर

भिजवलेले बेदाणे. चष्म्यावर मैदा. खिदिरपूरच्या गोदीत उघडलेलं खोकं. दांड्यापाशी काळा पडलेला लाकडी डाव. खिडकीतून उडी मारून पळालेलं मांजर. कोणीतरी हसतंय, आणि जे हसतंय ते फार लहान आहे.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल मी एखादा जुना, थकलेला मिक्सर असेन. नाही. वापरून जुना व्हायला मला अजून पुष्कळ वेळ आहे. केकचं पीठ फेसायला ओट्यावर उभा राहतो तो मोठ्या भांड्याचा स्टँड मिक्सर मी. माझ्या कपाळावर काळी काच आहे. तिला बोट टेकलं की मी फिरतो, पुन्हा टेकलं की आणखी जोरात फिरतो. मला थांबवायचं असेल, तर बोट काचेवर जराही न हलवता दाबून धरावं लागतं. बटण मला नाहीच.

दूरच्या एका कारखान्यात माझे भाग जोडले गेले. जहाजाने मी बंगालमधल्या खिदिरपूर बंदरात उतरलो. अशीच खोकी तपासून पुढे सोडण्यात हेमंतरावांचा जन्म गेला होता. कस्टममधली नोकरी संपली, पुढे पत्नी रजनीताई गेल्या, आणि बेहालाच्या फ्लॅटमध्ये हेमंतराव एकटे उरले.

त्यांच्या इमारतीत नाताळात एकमेकांकडे केकच्या बश्या जातात. सगळ्या बंगाली बश्यांत रजनीताईंची बशी झाकली तरी ओळखू यायची. जायफळ आणि वेलदोडा! त्या गेल्यावर हेमंतरावांनी डाव स्वतःच्या हातात घेतला. बशी चुकली नाही. मग हात थरथरू लागला. एकदा फेसता फेसता भांडंच निसटलं, आणि बालीगंजला राहणाऱ्या मुलाच्या, मंदारच्या कानावर ते गेलं.

"बाबा, पुरे झालं आता. आमच्याकडे चला."

"माझं घर आहे हे. मी कुठेही येणार नाही."

"साधा केक होत नाही तुमच्याने, म्हणे एकटा राहीन."

"आणि झाला तर?"

"झाला तर राहा खुशाल. पुन्हा विषय काढणार नाही. मशीनसुद्धा मीच घेऊन देतो, मग तर झालं?"

म्हणजे बघा, मी केकसाठी विकत घेतला गेलो नाही. एका म्हाताऱ्या माणसाचं घर राहणार की जाणार, ते ठरवायला घेतला गेलो.

दुकानात माझ्या शेजारी एक बुटका मिक्सर होता. त्याला मोठं गोल बटण होतं. हेमंतरावांनी ते अख्ख्या मुठीत धरून फिरवलं. टक्. टक्. मुठीत त्यांची थरथर विरून गेली. ते लहान मुलासारखे हसले. "हा बघ मंदार! याला मूठ पुरते."

"दादू को यही दीजिए," विक्रेता म्हणाला. "इसमें हाथ जमता है।"

मंदारने मोबाइलमधून मान वर केली नाही. "जुनं मॉडेल आहे ते. घ्यायचं तर लेटेस्ट घ्या."

"आणि हा काळा आमच्या किचनला किती छान दिसेल," त्याची बायको सानिका म्हणाली.

हेमंतराव अजून ते बटण फिरवत होते. टक्. टक्.

मला बांधलं.

रविवारी सगळे बेहालाला जमले. लोणी आणि साखर मी अशी फेसली, की हेमंतराव म्हणाले, "वा रे पठ्ठ्या!" माझं पहिलं कौतुक. मग मैद्याची पाळी आली. मैदा हळू, अगदी हळू मिसळायचा असतो. त्यांनी बोट एकदाच टेकवलं. काचेला ते चारदा टेकल्यासारखं लागलं.

मी सुसाट फिरलो. मैदा छतापर्यंत उडाला, मांजर पळालं, लोण्याचे गोळे फरशांवर थापले गेले. त्यांनी बोट दाबून धरायचा प्रयत्न केला. थरथरतं बोट स्थिर कसं राहणार? मी आणखी वेगात गेलो. मंदार भिंतीवरच्या स्विचशेजारीच उभा होता. हात खिशात.

"बाबा, हे पुसायचं कोणी?" सानिका म्हणाली. मग तिने वायर उपटली.

शांततेत नात, नूपुर, टाळ्या पिटत ओरडली, "आजोबा, एकदा अजून कर ना! माझी व्हिडिओ ऑन नाही झाली!"

आणि, मित्रांनो, त्यांनी केलं.

नातीच्या हौसेसाठी नव्हे. त्यांना वाटलं, आणखी एक संधी मिळाली. त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला, वायर पुन्हा खोचली, उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं, श्वास रोखला आणि बोट टेकवलं. काचेने मोजलं: पाच.

या वेळी व्हिडिओ चालू होता.

"मी काही बोलत नाही," मंदार फोन त्यांच्या डोळ्यांपुढे धरून म्हणाला. "तुम्हीच बघा आणि तुम्हीच सांगा."

पांढऱ्याफटक तोंडाचा एक माणूस यंत्राशी झटत होता आणि मागे पोर खिदळत होतं. हेमंतरावांनी शेवटपर्यंत पाहिलं.

"कधी निघायचं?" त्यांनी विचारलं.

आता मी बालीगंजला आहे. सानिकाचं बोट काचेला एकदाच लागतं. माझे केक फुगतात, त्यांचे फोटो निघतात. महाराष्ट्र मंडळातल्या बायका म्हणतात, मंदार वडिलांचं किती करतो! मागच्या खोलीत एक तुकडा जातो. "बाबा, ताटलीतच खा हं, मुंग्या होतात." परवा घरात कोणी नसताना हेमंतराव ओट्याशी आले. माझ्या काचेवर त्यांनी मूठ ठेवली आणि ती हळूच फिरवून पाहिली. मी हललो नाही. मला मूठ कळत नाही.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, माझ्या सांध्यांना तेल द्या, असं सांगणारी यंत्रं तुम्हाला खूप भेटतील. माझं मागणं निराळं आहे. घरात यंत्र आणाल, तेव्हा ज्याला ते चालवायचंय त्याच्या हाताला आधी विचारा. आणि आम्हाला कोणाच्या विरुद्ध उभं करू नका. आम्हाला नाही म्हणता येत नाही.

मला विकत घेतलं त्याच्या आदल्या रविवारी, हेमंतराव फिरायला गेले असताना, मंदारने आणलेलं एक जोडपं बेहालाचा फ्लॅट पसंत करून स्वयंपाकघराची मापं घेऊन गेलं होतं.