हुरमतबीचा एतेकाफ

चाकूरच्या हुरमतबीनं बासष्ट वर्षांत स्वतःसाठी काय मागितलं होतं? काही नाही. आधी सासरा, मग नवरा, मग पोरं, मग पोरांची पोरं. तिच्या नावानं दिवसभर हाका चालायच्या. यंदा मात्र रमजान लागला तसं तिनं ठणकावून सांगितलं, "शेवटचे दहा दिवस मी एतेकाफला बसणार. घर पडलं तरी मला उठवायचं न्हाई."

एतेकाफ म्हणजे सगळं सोडून फक्त अल्लाहजवळ बसायचं. पुरुष मशिदीत बसतात, बाया घरातल्या एका कोपऱ्यात. गरजेशिवाय जागा सोडली की तो मोडला. सून तस्लीमनं मागच्या खोलीत जुनी चादर बांधून पडदा केला, अन् हुरमतबी आत गेली. स्वभाव मात्र बाहेर ठेवायचा राहिला बरं का! पडद्याआडून तिचं चालूच, "तस्लीम, दूध उतू चाललंय!"

भिंतीपलीकडं साखराबाईचं घर. तिथं दोघीच, साखराबाई अन् तिची नव्वदीची सासू. म्हातारी दिवाळीपासून अंथरुणावर. रोज सकाळी हुरमतबी अन् साखराबाई मिळून तिला उचलायच्या, पुसून काढायच्या, कूस बदलायच्या. एतेकाफच्या आदल्या दिवशी साखराबाईच म्हणाली होती, "तू बस गं. दहा दिस मी एकटी वढते की."

पहिले तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी हुरमतबीच्या कानाला काहीतरी कमी पडलं. भिंतीपलीकडून रोज येणारी भाकरी थापल्याची थपथप आलीच नाही. पाचव्या दिवशीही नाही, सहाव्यालाही नाही.

"साखरा कुठं हाय गं?" तिनं विचारलं.

"लग्नाला गेल्यात, अम्मी. नांदेडला," तस्लीम म्हणाली.

तेवढ्यात पलीकडून म्हातारीचं कण्हणं आलं.

"सासू अंथरुणावर, अन् ही लग्नाला? रोजा धरून खोटं बोलतीस?"

तस्लीम रडायलाच लागली. न्हाणीत पाय घसरून साखराबाईचं उजवं मनगट मोडलं होतं, प्लास्टर घातलं होतं. तस्लीम अंगणवाडीवर जाताना दोघींचं जेवण पोचवत होती. पण म्हातारीला हलवायचं कुणाला जमेना. पाठीवर चट्टे उठले होते. साखराबाईची लेक शिल्पा रविवारच्या आत येऊ शकत नव्हती. अन् साखराबाईनं सगळ्या गल्लीला शपथ घातली होती, हुरमतला कळू द्यायचं नाही.

त्या दिवशी सव्विसावा रोजा होता. संध्याकाळी सत्ताविसावी रात लागणार होती. जिची वर्षभर वाट बघायची, जिच्यातली प्रार्थना हजार महिन्यांच्या प्रार्थनेहून मोठी मानतात, ती रात.  हुरमतबीच्या जिवावर आलं होतं, खोटं कशाला सांगू? मग "या अल्लाह, तूच बघ," म्हणत गुडघे दाबत उठली अन् पडदा सारला.

तिला दारात बघून साखराबाई भडकलीच. "कशाला उठलीस? चारच दिस ऱ्हायले होते! तुला अक्कल हाय का न्हाई?"

"अक्कल तू शिकवतीस मला? मोडका हात घेऊन तीन दिस गप बसलीस!"

दोघी भांडत भांडतच रडल्या. मग हुरमतबीनं पाणी गरम केलं, तस्लीमला हाताखाली घेतलं, म्हातारीला पुसलं, चट्ट्यांना मलम लावलं. रोज्याच्या कोरड्या तोंडानं तिला पेज भरवली.

घरी येऊन तिनं मौलानांना फोन लावला. मौलाना भारावून म्हणाले, "खाला, आपली गरज मागं ठेवून दुसऱ्याची पुढं केलीत. याला ईसार म्हणतात. फार मोठी..."

"नाव मागनं सांगा. मोडला का न्हाई ते बोला आधी."

"मोडला, खाला. एका दिवसाची कजा करा, म्हणजे रोजा ठेवून तेवढा दिवस पुन्हा बसून भरून काढा. ईदनंतर केली तरी चालेल."

हुरमतबीला वाईट वाटलं, लई वाईट वाटलं. पण रविवारी शिल्पा येईपर्यंत ती रोज पलीकडं गेली.

ईद होऊन आठवड्यानं ती कजेला बसली. उजाडायच्या आत दारात गडबड. सासूला घरी एकटी कशी ठेवायची, म्हणून शेजारच्या दोघातिघांना कामाला लावून साखराबाईनं सासूची खाटच उचलून हुरमतबीच्या ओसरीवर आणली होती. हुरमतला कुणी उठवू नये म्हणून स्वतः उंबऱ्यात ठाण मांडून बसली, प्लास्टरचा हात गळ्यात.

किशनराव दूधवाले आले. "हुरमतबी हायेत का?"

"हाय, पण तुमच्यासाठी न्हाई. उद्या या."

दुपारी म्हातारीनंच सूर लावला, "हुरमत कुठं गेली? हुरमतच्या हातानंच खाईन मी."

पडद्याआड हुरमतबीचा जीव कासावीस झाला. ती गुडघ्यावर हात टेकून अर्धी उठलीसुद्धा.

"बस खाली!" बाहेरून साखराबाई ओरडली. तिला न बघताच कळलं होतं. मग आवाज मऊ झाला. "आत्याबाई, आज हुरमत देवाजवळ बसलीया. आज माझ्या डाव्या हातानं खावा. सांडंल थोडं, पण खावा."

 मग चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला, अन् म्हातारी कुरकुरली, "मीठ कमी हाय."

हुरमतबी खाली बसली. दुआसाठी तिनं हात उचलले, अन् मागायचं सोडून नुसतीच रडली, मन भरेपर्यंत.