शेरा : संगणकावर रंगवलेले

माझ्या हरकतीच्या अर्जाच्या फाइलवरचा शेरा लाल शाईत होता : ‘छायाचित्रे संगणकावर रंगवलेली. ग्राह्य नाहीत.’

चाळीस वर्षे प्रयोगशाळेत उपकरणे जुळवण्यात गेली. माझ्या मोजमापावर कोणी शंका घेतली असेल, दानतीवर कधीच नाही. अंगाचा तिळपापड झाला. कॅमेरा, तिपाई आणि फिल्टर घेऊन दुसऱ्याच दिवशी भर दुपारी मी तो शेरा मारणाऱ्या उद्यान अधीक्षकांपुढे उभा राहिलो.

परदेशातून आलेले एक पिवळे फूल त्यांचे खाते कालव्याच्या काठाने लावणार होते. त्या फुलाचे आणि काठावरच्या जुन्या रानफुलाचे मी साध्या व अतिनील प्रकाशात फोटो काढले होते. साध्या प्रकाशात दोन्ही सारखीच पिवळी. अतिनील प्रकाश आपल्याला दिसत नाही, मधमाशीला दिसतो. त्यात परक्या फुलाच्या मध्यभागी माशीला खेचणारे मोठे काळे वर्तुळ उठते, रानफुलात जेमतेम ठिपका. तासाभरात परक्या फुलांवर एकेचाळीस माश्या बसल्या, रानफुलांवर तीन. माश्या फिरकल्या नाहीत तर रानफुलाला बी धरणार नाही आणि ते काठावरून कायमचे जाईल. पुरावा ग्राह्य ठरला, तर लागवड थांबवणे नियमानेच भाग होते.

“काका, छंद छान आहे हो तुमचा,” अधीक्षक म्हणाले. “पण पिवळ्यावर काळं आलं कुठून? नातवानं करून दिलं का?”

“नातवानं नाही, उन्हानं. बाहेर चला, तुमचाच फोटो काढतो.”

“माझा? काढा की! थांबा, ऊन बाधतं मला.” त्यांनी खणातली सनस्क्रीनची ट्यूब काढून तोंडभर चोपडली.

मी भिंगावर अतिनील फिल्टर चढवला.

अंगणात ते तीन सेकंद हसत, न हलता उभे राहिले. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले आणि हसू मावळले. कपाळ, नाक, गाल डांबर फासल्यासारखे. क्रीम न लागलेले कान तेवढे उजळ.

“अगंबाई!” मागून डोकावलेल्या लिपिकबाई म्हणाल्या. “साहेबांचं तोंड काळं झालं!”

“हे काय आहे? आधी पुसून टाका!”

“क्रीम अतिनील प्रकाश गिळतं, म्हणून काळं दिसतं. फुलाचा मधला भागही तेच करतो. का हेही मी संगणकावर रंगवलं?”

“काका, पुसा म्हणतो ना!”

“तुमचा शेरा आधी. फोटो नंतर.”

आत जाऊन त्यांनी शेऱ्यावर अशी रेघ ओढली की कागद फाटला. खाली लिहिले, ‘छायाचित्रे अस्सल. लागवड स्थगित.’ सही ठोकली आणि फाइल माझ्याकडे जवळजवळ भिरकावली.

मी ती वाचली आणि परत सरकवली.

“तारीख राहिली, साहेब.”