पालथे कप

धुतलेला कप पालथा ठेवला की त्याच्या कडेखाली पाण्याचं एक वर्तुळ राहतं. एकलहऱ्यात उन्हाळ्यात ते दहा मिनिटांत वाळायचं. जर्मनीत, येना गावातल्या माझ्या बंद खिडकीच्या स्वयंपाकघरात, हिवाळ्यात त्याला जवळजवळ तास लागे. पहिल्या वर्षी मी घड्याळ लावून पाहिलं होतं. रविवारी दुसरं काही काम नसे.

एकलहऱ्याला आम्ही वीज केंद्राच्या वसाहतीत राहायचो. बाबा बॉयलरवर होते. वारा फिरला की चिमणीची राख खिडकीतून आत यायची, म्हणून वसाहतीत कुणाच्याच घरी भांडं सुलटं राहत नसे. ताटं, पेले, पातेली, सगळं पालथं. पुढे कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी तीच राख सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. काचेचे बारीक गोळे, काही आतून पोकळ. सुंदर होते. काचेवरच काम करायचं म्हणून १९९७ साली मी येनाला गेले, दोन वर्षांसाठी.

तिथल्या खिडकीवरून तीन आठवड्यांनी बोट फिरवलं तरी बोटाला काही लागत नसे. तरी मी कप पालथेच ठेवायची. शेजारच्या हेल्गाबाईंनी एकदा विचारलं, "तुमच्याकडे उंदीर झालेत का?" मी हसले, आणि त्या गेल्यावर रडले. त्या हिवाळ्यात कशानंही रडू यायचं. तुर्की दुकानात कोथिंबिरीची जुडी दिसली तरी, आणि सकाळच्या पाळीचा भोंगा न होता उजाडलं तरी. मग हळूहळू पावाचं दुकान ठरलं. कुठल्या रंगाची रिकामी बाटली कचऱ्याच्या कुठल्या डब्यात टाकायची ते कळलं. चर्चच्या घंटा सवयीनं ऐकू येईनाशा झाल्या. दोन वर्षांची सहा झाली. दर रविवारी मी फोनवर आईला सांगायची, "पुढच्या वर्षी नक्की." ते खोटं नव्हतं. सांगताना मला दर वेळी खरंच वाटायचं.

२००३च्या मे महिन्यात बाबा निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचं होतं. नाशिकरोडला एका नव्या इमारतीत त्यांनी घर बघून ठेवलं. दोन खोल्यांचं घ्यायचं की तीन, एवढंच ठरायचं होतं. तिसरी खोली माझी. "तू सांग, मग बुकिंग करतो," बाबा म्हणायचे. मी म्हणायची, "पुढच्या रविवारी सांगते." तळमजल्यावरची घरं गेली. मग पहिल्या मजल्यावरची. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि आईचे गुडघे धरलेले होते. दोन्ही मला माहीत होतं.

क्वार्टरची वाढवून घेतलेली मुदतही सप्टेंबरात संपत आली, तेव्हा मी पंधरा दिवसांची रजा काढून आले. समोर बसून सांगायचं म्हणून. बारा दिवस सांगितलं नाही.

तेराव्या दिवशी सकाळी शेजारच्या लताबाई चहाला आल्या.

"काय गं तृप्ते, जर्मनीत लोक आंघोळ करत नाहीत म्हणे?"

"करतात, काकू."

"मग तू कशानं वाळलीस? मला वाटलं, पाणी नाही मिळत."

आईनं ओट्यावरचा कप उचलून चहा ओतला आणि तशीच थांबली. चहावर करडी साय धरल्यासारखी राख तरंगत होती.

"आगं बया, ह्यो कप कुणी सुलटा ठेवला?"

आदल्या संध्याकाळी तो मीच धुतला होता. "मी ठेवला," मी म्हणाले.

"घ्या! कप कसा ठेवायचा ते विसरली पोरगी," लताबाई हसल्या. "उद्या आईला विचारशील, आपण कोण?"

आई हसली नाही. तिनं चहा मोरीत ओतला, कप विसळला आणि ओट्यावर पालथा घातला.

"तिकडं राख नसंल."

"नाही."

"मंग कशाला पालथं घालायचं," ती म्हणाली. "बरोबर हाय तुझं."

लताबाई गेल्यावर बाबा चपला घालून दारातल्या खुर्चीवर बसले. अकराला बिल्डरच्या ऑफिसात जायचं होतं. वसाहतीत तीस वर्षं काढूनही आमच्याशी बोलताना त्यांची गावाकडची, पेठ तालुक्यातली बोली सुटली नव्हती.

"मी इथं लागलो ना, तवा बापाला सांगितलं होतं, दोन वर्षं करतो नि येतो. म्हातारा दरसाल पावसाच्या आधी माझी खोली शाकारायचा. नऊ वर्षं. मला ठावं होतं, मी काय जाणार नाय. पण बोललो नाय."

"मग त्या खोलीत कोण राहायचं?"

"कोंबड्या. लय खुशीत होत्या." ते थोडा वेळ चपलेचा पट्टा सारखा करत राहिले. "बोललो असतो तर म्हाताऱ्याचं नऊ येळा वर चढणं वाचलं असतं. तेवढंच."

आई ओट्याजवळ एका हातानं भिंत धरून उभी होती. कपाखालचं वर्तुळ अजून ओलं होतं.

"दोन खोल्यांचं घ्या, बाबा," मी म्हणाले. "उरलेल्यांत जे सगळ्यात खाली असेल ते. मी परत येणार नाही."