घरचं मशीन

“बाबा, परत अडकलं!”

आतल्या खोलीतून मुलाची हाक आली तेव्हा डॉक्टर बाहेरच्या टेबलावर एका गिऱ्हाइकाचा लॅपटॉप उघडून बसले होते. डॉक्टर म्हणजे कॉम्प्युटरचे. घरोघर जाऊन दुरुस्ती करणाऱ्या या माणसाला ही पदवी लोकांनीच देऊन टाकली होती, कारण त्यांच्या हाताला गुण होता. भल्याभल्या दुकानांनी हात टेकलेलं मशीन त्यांच्यापुढे आलं की निमूट चालायला लागायचं. आणि अशा माणसाच्या घरातलं मशीन दोन महिने अडखळत होतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

ते आत गेले. पडद्यावरचा शिपाई धावताधावता जागच्या जागी थिजत होता. पुन्हा हलेपर्यंत कुणीतरी त्याला गोळी घालून मोकळं झालेलं असायचं.

“ड्रायव्हर बदलून बघितलास?”

“नवा टाकला, जुना टाकला. रॅम काढून पुसून बसवली. ग्राफिक्स कार्डावरची धूळ झाडली. गरमही होत नाहीये.” मुलाचा आवाज रडवेला झाला होता. “चार वाजता निवड आहे, बाबा. आज तेवढं नीट करून द्या ना.”

निवड एका संघाची होती. स्पर्धांमध्ये उतरणारा, खेळाडूंना पगार देणारा संघ. आज ते मुलांना आपापल्या घरूनच खेळायला लावणार होते आणि त्यातून एकाला घेणार होते. कॉलेज अर्ध्यावर सोडलेला मुलगा वर्षभर याच एका दिवसावर डोळे लावून बसला होता.

रोग काय आहे हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. असायलाच हवं, तो त्यांनीच लावला होता. मशीनच्या सेटिंगमध्ये आत कुठेतरी एक आकडा असतो, प्रोसेसरने किती जोर लावायचा ते सांगणारा. तो त्यांनी निम्म्यावर आणून ठेवला होता. टायपिंग करा, सिनेमा बघा, काही कळत नाही. गेम लावला की मात्र मशीनला धाप लागते. समजावून झालं होतं, रागावून झालं होतं, आईने अबोला धरून झाला होता. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हा त्यांनी ठरवलं, आता मशीनच कंटाळा आणेल. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

हौसेने का कुणी असं करतं? या धंद्यात त्यांनी लोकांच्या आतल्या खोल्या पाहिल्या होत्या. दिवसा पडदे ओढलेल्या, कोंदट. केस पिकायला लागलेले मुलगे कानाला हेडफोन लावून बसलेले आणि म्हाताऱ्या आया दाराशी ताट ठेवून पाय न वाजवता परतणाऱ्या. दुरुस्ती करून निघताना एकीने विचारलं होतं, “डॉक्टर, हे कायमचं बिघडवून नाही का देता येणार?” तेव्हा ते हसले होते. घरी आल्यावर मात्र त्यांचं हसू पार मावळलं होतं.

“ऊठ, मला बसू दे,” ते म्हणाले. “आणि पाणी आण जरा.”

मुलगा गेला. त्यांनी सेटिंग उघडली. आकडा समोर होता, एकदा दाबलं की काम झालं. बोट माऊसवर ठेवून ते बसून राहिले. आज हा निवडला गेला तर आयुष्यभर हेच. निवडला नाही तर निदान एकदाची खोड मोडेल. मुलाला पाणी आणायला जरा जास्तच वेळ लागत होता. त्यांनी काहीही न बदलता सेटिंगची खिडकी बंद केली.

“झालं?” मुलाने पेला पुढे करत विचारलं.

“झालं.”

मुलाचा चेहरा असा उजळला की डॉक्टरांना त्याच्याकडे बघवेना. ते पाणी न पिताच बाहेर आले.

चार वाजून गेले. आतून बटणांचा ताडताड आवाज येत होता. मग खुर्ची जोरात मागे सरकली आणि सगळं शांत झालं. थोड्या वेळाने मुलगा तोंड धुऊन बाहेर आला.

“काय झालं रे?” आईने विचारलं.

“नाही झालं.”

डॉक्टरांनी वाक्य तयारच ठेवलं होतं. “माझ्या एका गिऱ्हाइकाचं गोदाम आहे. माल लावायला माणूस हवाय त्यांना. बोलू का?”

“बोला.”

एवढंच. हुज्जत नाही, आदळआपट नाही. हवं ते इतक्या सहज पदरात पडलं की डॉक्टरांना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मुलगा गोदामात जायला लागला. आई खूश झाली. तो गेमचं नावही घेईना, तेव्हा एका संध्याकाळी डॉक्टरांना राहवलं नाही. त्यांनी आत जाऊन मशीन सुरू केलं आणि आकडा पूर्ववत केला. मागे वळून बघतात तो मुलगा दारात उभा.

“काढलीत का?”

“काय?”

“प्रोसेसरची वेसण. पहिल्याच आठवड्यात सापडली होती मला. मी काढली, तर दोन दिवसांत परत लागलेली.”

डॉक्टरांना तो दिवस आठवला. तेव्हा अपडेटमुळे आकडा आपोआप वर गेला असेल, असं समजून त्यांनी तो मुकाट्याने पुन्हा खाली ओढला होता.

“मग त्या दिवशी तूच का नाही काढलीस?”

“काढणारच होतो. म्हटलं, आधी तुम्हाला सांगून बघू. पाणी आणायला गेलो तो मुद्दाम बाहेर थांबलो, तुम्हाला अवघडायला नको म्हणून.” मुलाने हातातला डबा खाली ठेवला. “तुम्ही झालं म्हणालात. मग मी तपासलं नाही.”

“अरे, तुझ्या भल्यासाठीच…”

“माहीत आहे.”

तो आवाज चढवून बोलला असता तर बरं झालं असतं. डॉक्टरांना रडू येत होतं आणि मुलापुढे रडायची लाजही वाटत होती. तेवढ्यात आईने जेवायला हाक मारली. तिला दोघांनीही काही सांगितलं नाही.

सकाळी आई मोबाइल घेऊन बाहेरच्या खोलीत आली. “अहो, हा मेला सारखा बंद पडतोय. बघा बरं.”

डॉक्टरांनी हात पुढे केला. उंबऱ्याशी बूट घालत असलेल्या मुलाने मान वर केली.

“माझ्याकडे दे, आई. गोदामाच्या वाटेवर एक दुकान आहे, तिथे टाकतो.”

“अरे, घरात बाबा असताना दुकानात कशाला?”

“दुकानवाले नीट करून देतात,” मुलगा म्हणाला. तिच्या हातातला फोन घेऊन त्याने खिशात टाकला आणि तो जिना उतरून गेला.

“बघा, कसा बोलतो!” आई म्हणाली. “आणि तुम्ही गप्प का बसलात?”

पुढे केलेला हात डॉक्टरांनी मागे घेतला.

“असू दे,” ते म्हणाले. “चांगलं आहे ते दुकान.”