घर नसल्याचा दाखला

आमच्याकडे दोन खोकी अशी आहेत की ती सात वर्षांत उघडलेलीच नाहीत. एकात लग्नात आलेला काचेचा सेट आहे, दुसऱ्यात काय आहे ते आता मलाही आठवत नाही. पेणमध्ये आम्ही भाड्याने राहतो. अकरा महिन्यांचा करार संपत आला की घरमालकाला हटकून आठवतं, त्याचा भाचा शिकायला येणार आहे. मग आम्ही टेम्पो बोलावतो, सामान आणि पोरं त्यात भरतो. अशी पाच घरं झाली. भिंतीत खिळा ठोकायचा तरी परवानगी घ्यावी लागते, आणि परवानगी मागणं माझ्या स्वभावात नाही.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते. दिवसाला साठ-सत्तर माणसांना सुया टोचते. हर्षद, माझा नवरा, म्हणतो की उरलेल्या सुया मी घरी घेऊन येते. खोटं नाही ते. माझा राग नाकावर असतो, आधी बोलून मोकळी होते आणि मग विचार करते. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते त्या रागानेच झालं.

फ्लॅट मिळाला तो दुसऱ्या मजल्यावरचा. किंमत अठ्ठावीस लाख. लहान आहे, पण स्वयंपाकघराला खिडकी आहे. बिल्डरने पंधरा दिवस दिले होते, त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. कागदपत्रांसाठी आम्ही स्वप्निल नावाचा एजंट धरला. तरुण, बोलघेवडा, पण कामात पक्का. त्याने एका कागदाच्या पाठीवर आम्हाला सगळं समजावलं. घर घ्यायचं म्हणजे नुसती किंमत नाही, त्यावर सरकारचं मुद्रांक शुल्क, ते शेकड्याच्या हिशेबाने. वर नोंदणी फी. खरेदीदार बाई असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत.

"पण बाई म्हणजे बाईच," स्वप्निल म्हणाला. "जोडीला नवऱ्याचं नाव टाकलंत की सवलत गेली."

हर्षदने क्षणाचाही विचार केला नाही. "मग हिच्या एकटीच्या नावावर घेऊ. अठ्ठावीस हजार वाचतात."

मला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. माझ्या नावावर घर होणार हे खरं, पण त्याचं कारण त्याने इतक्या पटकन सांगायला नको होतं. मी म्हटलं, "म्हणजे माझी किंमत एक टक्का." तो हसला. मी नाही हसले.

दुसरी सवलत मोठी होती. पहिलंच घर घेणाऱ्यांना कर्जाच्या व्याजावर सरकार मदत करतं, एक लाख ऐंशी हजारांपर्यंत. आमच्या दोघांच्या पगारात हप्ता बसवायचा तर ती हवीच होती. तिची अट मात्र वेगळी. पहिली सवलत विचारते, तुम्ही बाई आहात ना? दुसरी विचारते, तुम्हाला घर नाही ना? नवरा, बायको किंवा लग्न न झालेली मुलं, यातल्या कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसलं पाहिजे, आणि तसं प्रतिज्ञापत्र करून द्यायचं. शिवाय स्वप्निल म्हणाला की खात्रीसाठी दोघांच्या गावच्या ग्रामपंचायतीचा दाखला जोडू, म्हणजे बँक खुसपट काढणार नाही.

हर्षदचा दाखला दोन दिवसांत आला. त्याचं गावचं घर त्याच्या वडिलांच्या, अनंता मामंजींच्या नावावर आहे, आणि सासऱ्यांना त्या अटीतल्या कुटुंबात मोजत नाहीत. माझं माहेर रेवसच्या अलीकडे, खाडीकाठाला. तिथे माझा मोठा भाऊ निकेत राहतो. रेवसच्या धक्क्यावर लाँचला दोर बांधायचं, माणसं उतरवायचं काम करतो. मी त्याला फोन करून सांगितलं, दादा, मला घर नसल्याचा दाखला काढून पाठव. तो कशाला म्हणाला, मी फ्लॅटचं सांगितलं. मग बघतो म्हणाला.

चार दिवस त्याने काही पाठवलं नाही. पाचव्या दिवशी मोबाइलवर एक फोटो आला, सोबत एक अक्षर नाही. घरपट्टीचा उतारा होता. पक्कं घर, स्लॅबचं. मालकाच्या रकान्यात दोन नावं. एक निकेतचं. दुसरं दिपाली हर्षद घरत. म्हणजे मी.

माझं डोकंच फिरलं.

त्यामागे कारण आहे. खाडीवरच्या पुलाची बोलणी सुरू झाल्यापासून आमच्या बाजूच्या जमिनींचे भाव चढले, आणि गावोगाव भावांना एकाएकी बहिणी आठवायला लागल्या. बहिणीला गाडी पाठवायची, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत न्यायचं, हक्कसोड पत्रावर सही घ्यायची, वरती एक साडी आणि मिसळपाव. माझ्या दोन मैत्रिणी अशा साड्या नेसून आलेल्या मी पाहिल्यात. आमचं शेत तेवढं या सगळ्यातून सुटलं होतं, कारण बांधाला खांड पडून खारं पाणी आत शिरलं आणि बाबा असतानाच ते खाजण झालं. पण भाऊ म्हटला की कागद आणि कागद म्हटला की लबाडी, एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मला वाटलं, दादाने बाईचं नाव लावून कसलीतरी योजना लाटली. घरकुल असेल, घरपट्टीची सूट असेल. माझं नाव वापरलं आणि मला विचारलंही नाही. एक टक्क्यासाठी बाईचं नाव कसं पटकन आठवतं ते मी आठवड्यापूर्वीच पाहिलं होतं.

स्वप्निलला उतारा दाखवला. तो म्हणाला, "कराच्या वहीतलं नाव म्हणजे मालकी नव्हे, मॅडम. पण बँकेला एवढं दिसलं तरी फाइल बाजूला पडेल."

मी लॅबच्या जिन्यात उभी राहून निकेतला फोन लावला आणि जे तोंडाला आलं ते बोलले. माझ्या नावाचा बाजार मांडलास म्हटलं. बाबा असते तर तुझी हिंमत झाली नसती म्हटलं.  शेवटी मी म्हटलं, "माझं नाव काढ तिथून."

"नक्की काढू, बाय?"

"आजच्या आज."

बरं, म्हणाला तो. ग्रामपंचायतीची मासिक सभा मंगळवारी होती, त्यात ठराव घ्यावा लागणार होता, आणि त्यासाठी माझं संमतीपत्र हवं होतं. मी त्याच संध्याकाळी ते लिहिलं, सही करताना पेन कागदातून आरपार गेलं, आणि हर्षदच्या हाती पाठवून दिलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. बिल्डरचे फोन येत होते. फ्लॅटखाली उभं राहून मी ती स्वयंपाकघराची खिडकी बघून यायची, जणू रात्रीतून कुणी काढून नेईल. लॅबमध्ये एका म्हाताऱ्याची शीर मला तीनदा सापडली नाही. तो बिचारा मलाच धीर देत होता.

बुधवारी निकेतचा निरोप आला. दाखला तयार आहे, पण फाइलमध्ये तुझी सही लागते, तू स्वतः ये.

गुरुवारी सुट्टी टाकून मी एसटीने अलिबागला आणि तिथून रेवसच्या गाडीने गावात उतरले. ग्रामपंचायत फाट्यावरच आहे. ग्रामसेवक तालुक्याला गेले होते. दाखला सही-शिक्क्यानिशी टेबलावर होता आणि समोर नामाकाका बसले होते, तिथले जुने शिपाई. त्यांनी मला लहानपणापासून पाहिलेलं आहे. त्यांनी फाइल उघडली आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. मी सही करता करता विचारलं, दादाने माझं नाव लावून कुठली योजना घेतली होती?

 नामाकाकांनी फाइलची पानं मागे उलटली आणि एक कागद माझ्यासमोर धरला. सहा वर्षांपूर्वीचा अर्ज. अक्षर निकेतचं, चौथीतल्या पोरासारखं, ओळ वर चढत जाणारं. लिहिलं होतं: 'आमचे वडील दिनानाथ वारले. शेत खारे झाले त्यामुळे वाटून देण्यास काही नाही. मी माझ्या कमाईने घर बांधले आहे. त्यात माझी बहीण दिपाली हिचे नाव लावावे, म्हणजे तिला माहेर राहील. माझी हरकत नाही.'

"योजना कसली, पोरी," नामाकाका म्हणाले. "सगला गाव हितं बहिनींची नावं काढाया येतो. लावाया आलेला तुजा दादा एकटाच. सभेत हसले हुते त्याला."

मी दाखला घडी करून पर्समध्ये ठेवला. घडी नीट होईना.

घरी गेले. नेहमी जाते तशी मागच्या अंगणातून, चुलीच्या बाजूने. माहेरी मी कधीच पुढच्या दाराने जात नाही, आधी वहिनीच्या स्वयंपाकघरात शिरते. आज मात्र दोन पावलांवर थांबले आणि घराला वळसा घालून पुढे आले. दाराच्या वर, जिथे ग्रामपंचायतीने सगळ्यांना दिलेली घर क्रमांकाची आणि नावांची पत्र्याची पाटी असते, तिथे भिंतीच्या उडालेल्या निळ्या रंगात एक गडद चौकोन होता. पाटी काढलेली होती. सहा वर्षं माझं नाव त्या दारावर होतं आणि मी एकदाही ते वाचलं नव्हतं.

निकेत धक्क्यावरून जेवायला आला होता. वहिनी केसर ताटं घेत होती. ती नेहमीसारखी हसली, पण लगेच ताटांकडे वळली. तिने सगळं ऐकलं होतं हे मला कळलं. माझ्या फोनचा आवाज काही बारीक नव्हता. निकेतने पहिलं काय विचारलं, तर दाखला नीट मिळाला का, शिक्का उमटलाय का.

मी विचारलं, "तू मला सांगितलं का नाहीस?"

तो हात धूत म्हणाला, "सांगून काय करायचं हुतं? भावोजींना वाटलं असतं, वाटा मागाया शिकवतोय."

"मग परवा फोनवर तरी सांगायचंस."

"तू रागात हुतीस."

एवढंच. त्याच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच मला सोसवेना. तो एकदा खेकसला असता तर मी उलट खेकसले असते आणि आम्ही सुटलो असतो. मी म्हटलं, मी हा दाखला फाडते, मला नको ती सवलत, पुढच्या सभेत नाव परत लाव. मी खरंच पर्समध्ये हात घातला होता. त्याने माझं मनगट धरलं. दोराने सोलवटलेला, खरखरीत हात.

"येड्यासारकं करू नको. पोरांना घेऊन किती वेला टेम्पो भरशील? आदी तुजं घर होऊ दे."

"आणि हे?"

त्याने मनगट सोडलं आणि तो ताटावर बसला. केसरने माझ्यापुढे ताट ठेवलं. बोंबलाचं कालवण होतं, मला आवडतं तसं, कोकम जास्त घातलेलं. मी जेवले. रडत जेवले, लपवलं नाही. निकेत ताटाकडे बघून जेवत राहिला आणि दीडच्या लाँचला उशीर होईल म्हणून उठून गेला.

निघताना मी केसरला विचारलं, ती पाटी कुठे आहे. ती म्हणाली, पंचायतीत परत दिली, एका नावाची नवी येणार आहे.

सोमवारी पेणला आम्ही नोटरीकडे गेलो. हर्षदने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पेढ्यांचा पुडा आणला होता. तो मनाने वाईट नाही. त्या दिवसांत तो तीनदा म्हणाला होता की दादांना आपण काहीतरी चांगलं घेऊ. काय घ्यायचं ते दोघांनाही सुचलं नाही. स्वप्निलने प्रतिज्ञापत्र समोर ठेवलं आणि रिकाम्या जागांवर पेन्सिलीने फुल्या केल्या, इथे सही, इथे सही.

मी ते सगळं वाचलं. असले कागद मी आजवर न वाचता सही करून टाकले असते. 'माझ्या अथवा माझ्या कुटुंबातील कोणत्याही सदस्याच्या नावे भारतात कोठेही पक्के घर नाही.' मी ती ओळ दोनदा वाचली. मागे रांगेतला माणूस खाकरला. हर्षद हळूच म्हणाला, कर ना सही.

मी सही केली. या वेळी पेन कागदातून आरपार गेलं नाही.

नोटरीने कागद आपल्याकडे ओढला, शिक्का उचलला, आणि दिवसातून शंभर वेळा विचारत असतील तसं विचारलं, "मजकूर खरा आहे ना?"

"हो," मी म्हटलं. "गेल्या मंगळवारपासून खरा आहे."

त्यांनी मान वर न करता शिक्का मारला.